वाघाडोहवरून जाणारे तीन रस्ते

वाघाडोह, ता. मारेगाव
२२ ऑक्टोबर २००६

चि. दीपास, तुझ्या बापाचा जयभीम.

या पत्राचं कारण तुला आवडणार नाही, म्हणून तेच आधी लिहितो. तू विलायतेहून इकबालला पाठवलेलं पाकीट मी वाचलं आहे. त्याला बोल लावू नको. ‘बाबांना सांगू नका’ असं तू पत्रात दोनदा लिहिलंस, पण इकबालच्या पोटात गोष्ट राहत नाही हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. मंगळवारी तो मारेगावचं सायकल दुकान भरदुपारी बंद करून मोटारसायकलवर आला, ओट्यावर टेकायच्या आधीच म्हणाला, “उकंडाभाऊ, एक गोष्ट हाये, पन तुमाले सांगू नोको म्हून सांगतलं हाये.” आणि मग सगळं सांगितलं.

म्हणजे तू फेब्रुवारीत येत आहेस. तुझ्या दवाखान्यातली तिघं सोबत आहेत, आठ दिवस केळापूर ते मारेगाव सायकलनं फिरायचं आहे. सायकली इकबालनं द्यायच्या आणि ज्याला जसं झेपेल तसे रस्तेही त्यानंच शोधायचे. टॉम नावाचा एक जण नाश्त्याआधी पन्नास किलोमीटर मारून येतो. ग्रेस मागच्या वर्षी सायकल शिकली. हिल्डाबाई सदुसष्ट वर्षांच्या, गुडघा नवा बसवलेला. चौथी तू. आणि पत्राच्या तळाशी, इतर अक्षरांपेक्षा जरा जास्त दाबून: वाघाडोहला जायचं नाही.

बरं. नाही तर नाही.

पण बाई, इकबालला पंक्चर काढता येतं, रस्ता सांगता येत नाही. तो जन्मभर दुकानात बसला आणि लोक त्याच्याकडे आले. मी लोकांकडे गेलो. चौतीस वर्षं, एकवीस गावं, टपालाची खाकी थैली आणि ती काळी सायकल. कोणत्या नाल्यात जानेवारीनंतर पाणी नसतं, कोणत्या वळणावर बाभळीचे काटे पडतात, कोणत्या घरचं कुत्रं नुसतं भुंकतं आणि कोणत्या घरचं खरोखर चावतं, हे मला विचार. म्हणून रस्ते मी करणार आहे. तू इकबालला लिही, तो मला वाचून दाखवेल. माझ्याशी बोलण्याची सक्ती नाही.

राहता राहिलं ते जुनं प्रकरण. चार वर्षांपूर्वी तिथल्या नोकरीचं पत्र तुझ्या हातात उशिरा पडलं, उत्तराची तारीख उलटून गेली, तुझं वर्ष वाया गेलं. ते पत्र मीच दाबून ठेवलं असं तू म्हणालीस आणि पुढच्या वर्षी गेलीस ती गेलीसच, एक ओळ नाही. पाकिटामागच्या शिक्क्यातले तारखेचे आकडे बदलायचे राहिले होते, असं मी तेव्हा सांगितलं. आजही तेच सांगतो. तो विषय इथं नको.

तुझा बाप,
उकंडा नगराळे


१२ नोव्हेंबर २००६

चि. दीपास जयभीम.

इकबालला तुझं उत्तर मिळालं. त्यात माझं नाव नाही, पण ‘रस्ते करणाऱ्यांना विचारा’ असं तीन ठिकाणी आहे. रस्ते करणारे आनंदात आहेत. रस्ते करणाऱ्यांनी ते वाक्य इकबालकडून दोनदा वाचून घेतलं.

तू पाठवलेली तिथल्या सायकल-रस्त्यांची पुस्तिका मी रवी मास्तरला घेऊन पूर्ण वाचली. रवी म्हणजे आपल्या शाळेवरचा नवा मास्तर, तू त्याला पाहिलेलं नाहीस. इंग्रजी बरं आहे त्याचं, पोट मात्र फार पुढे आलंय. पुस्तिका छान आहे. चढाला बाण काढलेत, एक बाण म्हणजे थोडा चढ, तीन बाण म्हणजे देवाचं नाव घ्या. जिथं तिथं मेंढ्यांपासून सावध राहा लिहिलंय. दर सहा मैलांवर दारूचं दुकान आहे आणि ते खुशाल छापलंय. शेताला फाटक असतं आणि ते उघडलं तर परत लावा, असंही. आपल्याकडे फाटक लावायचं तर आधी कुंपण पाहिजे.

आपल्याला बाण नकोत. मी रस्त्यांना नावं दिलीत. सगळ्यात सोपा, सपाट, दर चार किलोमीटरला सावली आणि बसायला पार असलेला रस्ता म्हणजे पोस्टकार्ड. तो हिल्डाबाईंसाठी. मधला, थोडा चढउताराचा, मातीचा, पण घाई नसेल तर कुणालाही जमणारा म्हणजे आंतरदेशीय. तो ग्रेसला आणि तुला. आणि तिसरा, सागाच्या जंगलातून घाट चढून जाणारा, दगडगोट्यांचा, तो तार. टॉमला त्यावर सोडून द्यायचं. तिन्ही रस्ते सकाळी एका ठिकाणी सुटतात आणि संध्याकाळी एका ठिकाणी भेटतात, म्हणजे हिल्डाबाईंना आपण मागे राहिलो असं वाटायचं कारण नाही. उलट पोस्टकार्डवाले आधी पोचतील आणि चहा पिऊन बसतील.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. शौचालय: पोस्टकार्डवर दोन शाळा आहेत, रवी मास्तर किल्ल्या मिळवून देणार. पाणी: उकळून बाटल्यांत भरून ठेवतील, मी चार घरी सांगितलंय. पंक्चर: धरून चाला. रहदारी: ट्रक नाहीत, पण फेब्रुवारीत कापसाच्या बैलगाड्या खरेदी केंद्राबाहेर मैलभर उभ्या असतात. गाडीवाले दोन-दोन दिवस तिथेच जेवतात, तिथेच झोपतात. घंटी वाजवू नका, कुणी हलणार नाही, हलायला जागाच नाही. उतरा, रामराम करा, कुणीतरी भाकर पुढे करेल, ती खा.

एक गाव मी मुद्दाम टाळलंय. नाव लिहीत नाही. वर्षभरात तिथं पांढऱ्या जीपमधून इतकी माणसं आली, किती शेतकऱ्यांनी जीव दिला, कसा दिला विचारून फोटो काढून गेली, की आता गाडीचा आवाज आला तरी बायका दार लावून घेतात. सायकलीचा आवाज येत नाही म्हणा. तरी नको.

आपल्या पारावर मात्र तुमचाच विषय आहे. काल लखीरामनं विचारलं, “हे गोरे लोक सरकारच्या कोनत्या पॅकेजमदून येऊन राह्यले?”

मी म्हटलं, “कोनत्याच नाई.”

“मंग येऊन काय करतीन?”

“सायकल चालवतीन.”

“अन् मंग?”

“मंग वापस जातीन.”

त्यानं तंबाखूचा बार भरला आणि म्हणाला, “मंग चांगले लोक दिसतात.”

रस्ते करणारा,
उकंडा


३ डिसेंबर २००६

चि. दीपास जयभीम.

अक्षर वाकडं येतंय, त्याचं कारण टेबल हलतं.

रस्ते कागदावर झाले, पण पुस्तिकेत लिहिलंय की प्रत्येक रस्ता प्रत्यक्ष चालवून पाहिलेला आहे. मग आपण काय कमी आहोत? हिल्डाबाईंच्या जागी कोण, हा प्रश्न होता. दुखऱ्या गुडघ्याची, साठीला आलेली आणि सायकलीची सवय नसलेली बाई हवी. इकबाल म्हणाला, “घरीच हाये की.” खैरुनबीला तू ओळखतेस. चाळीस वर्षं सायकल दुकानाच्या मागच्या खोलीत संसार केला आणि एकदाही सीटवर बसली नाही. आधी तिनं इकबालला, मग मला, मग तुला नावं ठेवली. तिसऱ्या दिवशी बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात शिकायला आली. तिथं दोन वर्षं मशीन चाललेली नाही, त्यामुळे पडायला जागा मोप आहे. इकबाल मागून कॅरिअर धरून पळायचा. एके दिवशी त्यानं धाप लागून हात सोडला आणि ही भिंतीपर्यंत एकटी गेली. भिंतीपाशी थांबता आलं नाही तो भाग वेगळा.

पोस्टकार्ड तिनं पूर्ण केलं. अठरा किलोमीटर, चार थांबे. शेवटी मी विचारलं, “भाभी, गुडघा?” तर म्हणाली, “गुडघ्याचं सोडा, सीट बदला. हे कोन्या मानसानं बनवली?” तेव्हा हिल्डाबाईंसाठी रुंद सीट बसवतोय. आता खैरुनबी मंगळवारच्या बाजारालाही सायकलनं जाते आणि दुकानातली सगळ्यात चांगली सायकल नेते. इकबाल गिऱ्हाइकाला सांगतो, ती विकायची नाही.

आंतरदेशीयवर रवी मास्तरला नेलं. सातव्या किलोमीटरला तो म्हणाला की मधल्या रस्त्याला कठीण म्हणायला हवं. मी म्हटलं, मास्तर, पोटाला कठीण आहे, पायाला नाही. तारेवर तांड्यावरच्या देवीलालला पाठवलं. तो रोज दुधाच्या दोन कॅन लावून घाट चढतो. सवय म्हणून कॅनही घेऊन गेला. वर पोचल्यावर मला विचारतो, “काका, कठीन रस्ता कोठून सुरू होते?” टॉमला सांग, जरा तयारी करून ये.

आता एक गोष्ट. ती तुला इकबालकडून कळणारच, त्यापेक्षा माझ्याकडून कळावी.

काल इकबालनं तिन्ही रस्त्यांचे कागद खाटेवर पसरले. बोट फिरवत गेला. पहिल्यावर थांबला, दुसऱ्यावर थांबला, तिसऱ्यावर थांबला आणि म्हणाला, “भाऊ, सपाट रस्ता तुमच्या घरावरून. मातीचा रस्ता तुमच्या घरावरून. बरं, घाट त हिकडं हाये, थ्यो बी तुमच्याच घरावरून काहून जाऊन राह्यला?”

मी म्हटलं, पाण्याची सोय आहे म्हणून. तो म्हणाला, घाटाखाली झरा आहे. मी म्हटलं, सावली आहे म्हणून. त्यानं खोडरबर उचलून कागदांवर ठेवलं.

खरं सांगतो, मी मुद्दाम केलं नाही. पेन्सिल तिकडंच वळली. पण तू दाबून लिहिलं होतंस आणि मी वाचलं होतं. रात्र पडायच्या आत तिन्ही कागद खोडून पुन्हा काढले. वाघाडोह आता कोणत्याच रस्त्यावर नाही. पोस्टकार्डला दोन किलोमीटरचा वळसा पडला, तेवढं हिल्डाबाईंनी सांभाळून घ्यावं. नवे कागद सोबत जोडलेत.

उकंडा


२४ डिसेंबर २००६

दीपा,

टेबल हलत नव्हतं. तारेचा रस्ता मी आधी स्वतः चालवून पाहिला, उतारावर ब्रेक लागला नाही आणि मनगट मुरगळलं. महिनाभर पट्टी होती. इकबालला सांगितलं बैलानं धक्का दिला. त्याला तेही खरं वाटलं नाही. ब्रेक त्यानंच बदलून दिले, पैशांपैकी बैलाच्या नावावर किती लावायचे एवढंच विचारलं.

एक खोटं काढलं आहे तर दुसरंही काढतो. गेले वीस दिवस तुझं इकबालला पत्र नाही. नवे कागद मिळाले का, तेही कळलं नाही. कदाचित मिळाले असतील आणि तू म्हणाली असशील की बुढा लाडीगोडी लावतोय. तसं वाटलं तर वाटू दे. पण हे वाच.

शिक्क्यातले आकडे बरोबर होते.

पत्र बारा जूनला आलं. तुझ्या हातात दिलं एक जुलैला. मधले दिवस ते टपालाच्या रिकाम्या पोत्यांखाली होतं. मी ते उघडलं नाही. उघडायची गरज नव्हती, पाकिटावर राणीचं तोंड आणि दवाखान्याचं नाव होतं. तुझी आई जाऊन आठ महिने झाले होते. संध्याकाळी दोन ताटं वाढायचो, त्यांचं एकच होईल एवढंच माझ्या डोक्यात आलं. रोज सकाळी ठरवायचो की आज देऊ. रोज थैली भरायचो, एकवीस गावांना त्यांची पत्रं द्यायचो, कुणाला नोकरी लागली ते वाचून दाखवायचो, पेढा खायचो आणि घरी यायचो. तुला विचारायचो, आज काय केलं जेवायला.

तू विचारलं होतंस की बाबा, दाबायचंच होतं तर शिक्का कशाला मारला? मारला नसता तर मला कधी कळलंच नसतं. तेव्हा मी ओरडलो, कारण उत्तर नव्हतं. आता आहे. चौतीस वर्षं जे जे टपाल आलं त्यावर आल्या दिवशी, आल्या दिवसाचा शिक्का मारला. सासूनं सुनेला लिहिलेल्या पत्रावर मारला, मेल्याची खबर आणणाऱ्या पत्रावर मारला. त्या दिवशीही थैलीतून पाकीट काढलं, शिक्का मारला आणि मग नाव वाचलं. हात आधी चालला. डोकं नंतर चाललं, आणि ते वाईट चाललं. पुसता आला असता. घासूनही बघितला नाही. कुणाच्या टपालावरचा शिक्का मी कसा पुसणार?

हे सांगितल्यानं तुझं वर्ष परत येत नाही. तुझा मी गुन्हेगार आहे आणि हे तोंडावर कबूल करायला मला चार वर्षं लागली, तेही कागदावर. तुझी आई असती तर तिनं बारा जूनलाच संध्याकाळी माझ्या थैलीत हात घातला असता.

तू सायकलनं ये, फिर, माणसं दाखव, मजा कर. लोक वाट बघताहेत. खैरुनबीनं हिल्डाबाईंशी शर्यत लावायचं ठरवलंय, हिल्डाबाईंना अजून माहीत नाही. मी केळापूरला येणार नाही आणि रस्त्यात कुठे उभा राहणार नाही. मला फार यावंसं वाटतं, ते वेगळं.

बाबा


५ फेब्रुवारी २००७
सकाळचे साडेदहा

दीपा,

इकबाल अंगणात मोटारसायकल चालूच ठेवून उभा आहे, म्हणतो लवकर लिहा. मी म्हटलं ती बंद कर आणि चहा घे, घाईत लिहिलेलं मला आवडत नाही. आता चहा घेतोय आणि तुमच्या सगळ्यांचं सांगतोय. टॉमची सायकल पहिल्याच दिवशी चार वेळा पंक्चर झाली म्हणे. ग्रेसला बैलगाडीवाल्यांनी भाकर आणि ठेचा दिला आणि तिनं अजून मागितला. हिल्डाबाई आणि खैरुनबी तीन किलोमीटरची शर्यत करून आल्या, कोण जिंकलं ते दोघी वेगवेगळं सांगतात. तू बारीक झालीस असं तो म्हणाला. आणि म्हणाला, “लय बोलली नाई, भाऊ. तुमच्यासारखीच हाये.”

तुझी चिठ्ठी त्यानं सगळ्यात शेवटी काढून दिली. खिशात होती, तरी आधी टॉमचं पंक्चर सांगितलं. माझ्या नावाची आहे. मी ती उभ्यानं वाचली, मग बसून वाचली.

‘बाबा, तिन्ही कागद नीट पाहिले. वाघाडोह कुठेच नाही. रस्ता सांगा.’

सांगतो.

उद्या तुम्ही केळापूरच्या मुक्कामावरून निघाल तेव्हा आंतरदेशीय धर. नऊ किलोमीटर सरळ ये. उजव्या हाताला कोलामांचा पोड, दहा-बारा झोपड्यांचा, लागेल, तिथं लेकरं हात दाखवतील, त्यांना हात दाखव, नाहीतर मागे पळत येतात. त्यापुढे नाल्यावर फरशीचा रपटा आहे. पाणी नाही, पण शेवाळ आहे, उतरून ओलांड. रपट्यानंतर कागदावर रस्ता उजवीकडे जातो. तू डावीकडे वळ. दोन्ही बाजूंना कापसाची पऱ्हाटी उभी असेल, शेवटची वेचणी चाललीय, बायका विचारतील कुणाची तू. सांगून टाक. तीन किलोमीटर काळी माती, सपाट, हिल्डाबाईंनाही जमेल, ग्रेसलाही. त्यांना आणायचं असेल तर आण, नसेल तर एकटी ये. टॉमला घाई असेल तर त्यानं त्याच्या तारेवरून जावं.

मग शेवटचा अर्धा किलोमीटर गावाचा चढ आहे. तो तू विसरली नसशील. तिथं देवीलाल सोडून सगळ्यांना उतरावं लागतं, मलाही. चौतीस वर्षांत मी तो एकदाही बसून चढलो नाही, फक्त तुला सांगायचो की चढतो.

त्या चढाच्या खाली मी सकाळपासून असेन. तू आलीस की उतर आणि सायकल माझ्याकडे दे. ती मी वर ढकलीन. तू मोकळी चाल.

बाबा